एमएस्सी कृषी, जीपीबी: मायनर-सपोर्टिंग विषय कसे निवडावेत?

गोदाकाठ | 11 ऑगस्ट

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या रावे (ग्रामीण कृषी कार्यानुभव) चालू असल्याने गावातच मुक्काम आहे, गेवराई तालुक्यात. एमएस्सीला अनुवंशशास्त्र व वनस्पती पैदासशास्त्र, म्हणजे जीपीबी घ्यायचं मनात पक्कं आहे. घरी कापूस आणि शाळू. दर वर्षी दुकानदार सांगेल ती पिशवी वडील आणतात, आणि ही पिशवीतली सरकी बनते कशी हे मी तिसरी-चौथीपासून विचारत आलेय. त्याचं उत्तर मिळेल असा विषय हाच.

सीईटीचा अभ्यास सुरू केलाय. सीनियरकडून अभ्यासक्रमाचा तक्ता मिळाला: मेजर (मुख्य विषय) 20 क्रेडिट, मायनर (जोडविषय) 8, सपोर्टिंग (पूरक विषय) 6, सामाईक कोर्स 5, सेमिनार 1, संशोधन 30. बेरीज 70. बेरीज कळली, पण निवड कशाच्या आधारावर करायची ते कळलं नाही.

मायनर कोणता घ्यावा? सीनियर म्हणतात, मार्क सुटतात तो घे. सपोर्टिंगमध्ये संख्याशास्त्र टाळता येईल का? गणिताची मला खरंच धास्ती आहे. संशोधनाचे 30 क्रेडिट म्हणजे प्रत्यक्षात किती काम? आणि मामांचं म्हणणं आहे की संभाजीनगरला घराजवळ राहून बॉटनीत एमएस्सी कर, झाडांचाच तर अभ्यास, फरक काय पडतो. फरक पडतो का?

---

वऱ्हाडी_सरकी | 11 ऑगस्ट

ताई, मी तीन वर्षांपूर्वी अकोल्याहून जीपीबीच केलं. तुमचा तक्ता बरोबर आहे. हा 2021 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने बदललेला साचा. त्याआधी 2009 चा होता, त्यात एकूण 55 क्रेडिट आणि संशोधनाला 20 होते. आता संशोधनाचे थेट 30 झाले. जुने सीनियर 55 चा हिशोब सांगतील, त्याने गोंधळू नका. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही विद्यापीठं परिषदेचा साचा धरूनच चालतात.

मेजरमध्ये फार निवडायला नसतं. अनुवंशशास्त्राची तत्त्वं, पैदासशास्त्राची तत्त्वं, क्वांटिटेटिव्ह जेनेटिक्स, सायटोजेनेटिक्स, आणि मॉलिक्युलर ब्रीडिंग व बायोइन्फॉर्मॅटिक्स हे पाच गाभ्याचे. प्रत्येक 3(2+1), म्हणजे आठवड्याला दोन लेक्चर आणि एक प्रात्यक्षिक. यातच 15 क्रेडिट गेले. उरलेल्या पाचात हायब्रीड ब्रीडिंग, म्युटेशन ब्रीडिंग, बीजोत्पादन, खरीप किंवा रब्बी पिकांची पैदास यातून घ्यायचे. खरी निवड मायनर आणि सपोर्टिंगलाच आहे, तुम्ही नेमकं तेच विचारलंत.

सामाईक पाच कोर्सना हलकं समजू नका. ग्रंथालय, टेक्निकल रायटिंग, बौद्धिक संपदा, प्रयोगशाळेची मूलतत्त्वं, संशोधनाची नीतिमत्ता, एकेक क्रेडिटचे आहेत. पूर्वी यांना क्रेडिटच नव्हतं, म्हणून आमच्या आधीची पोरं नुसती हजेरी लावायची. मला टेक्निकल रायटिंगचा थिसिस लिहिताना जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचा झाला नाही.

---

तृणपात | 12 ऑगस्ट

मी बॉटनीवाली, कोल्हापूरला शिकवते. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण फरक खूप आहे आणि तो आधी कळला पाहिजे.

आपल्या राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार बिगरकृषी विद्यापीठांत दोन वर्षांची एमएस्सी 88 क्रेडिटची झाली. दर सत्राला 22. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती 4, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प 4, मग संशोधन प्रकल्प तिसऱ्यात 4 आणि चौथ्यात 6. म्हणजे प्रकल्पाचे 10. तुमच्याकडे 70 पैकी 30. बॉटनीचं मोठं वजन वर्गातल्या आणि प्रयोगशाळेतल्या विषयांवर आहे: शैवाल-बुरशीपासून वर्गीकरण, शरीरक्रिया, पेशीविज्ञान, सगळ्या वनस्पतिसृष्टीची ओळख. एका पिकाच्या एका गुणावर दोन वर्षं घालवायची मुभा तिथे नाही.

याचा अर्थ बॉटनी कमी, असा कुणी घेऊ नये. माझं काम गवतांवर आहे. कासच्या पठारावरून आणलेलं गवत भिंगाखाली धरायचं, कणिशक, म्हणजे गवताच्या फुलांचा बारीक झुबका, सुईने उलगडायचं, बाहेरची दोन तुसं, मग आतली, मग तीन पुंकेसर, पराग झेलणाऱ्या पिसासारख्या दोन कुक्षी. एका जातीची खात्री करायला कधी कधी अख्खी दुपार जाते. दाबून वाळवलेला नमुना कागदावर शिवायचा, ठिकाण, तारीख, उंची लिहायची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये गेलात तर कित्येक दशकांपूर्वीचे असे नमुने आजही उघडून बघता येतात. ही नजर पैदासकाराला पण लागते. पण ज्या मुलीला पिशवीतली सरकी बनते कशी हे विचारायचंय, तिने कृषीतच जावं.

---

शाळूचं_रान | 12 ऑगस्ट

गोदाकाठ, तू माझ्या नातीच्या वयाची असशील म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. माझी सगळी नोकरी रब्बी ज्वारीच्या पैदाशीत गेली, आता निवृत्त आहे.

सगळे तुला क्रेडिटचा हिशोब सांगतायत. तो बरोबरच आहे. पण आमच्या विषयात पदवी क्रेडिटवर चालत नाही, हंगामावर चालते. चार सत्रं म्हणजे दोन खरीप आणि दोन रब्बी. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, आणि त्या बहुतेकदा लांबतातच, की पहिला खरीप तू वसतिगृहात पाऊल ठेवायच्या आधीच संपलेला असतो. हातात उरले दोन रब्बी आणि एक खरीप. तीस क्रेडिटचं संशोधन यात बसवायचं. म्हणून मायनर-सपोर्टिंग ठरवायच्या आधी पीक ठरव, आणि पीक ठरवायच्या आधी कॅलेंडर घेऊन बस.

उदाहरण देतो. समजा तुला कपाशीत संकर करून त्यांची चाचणी घ्यायचीय. एका खरिपात संकर, दुसऱ्या खरिपात त्या संकरांची चाचणी. दोन खरीप लागले. पहिला तुझ्या हातात नाही. मग एकच वाट: गाइडकडे आधीच्या वर्षी केलेले संकर तयार असतील तर तू फक्त चाचणी घेशील. ते कामही चांगलंच आहे. मात्र संकर करायचा हात तुला बसणार नाही.

शाळूचं तसं नाही. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, फुलोरा साधारण डिसेंबरच्या आसपास. तू नोव्हेंबरमध्ये जरी रुजू झालीस तरी गाइडने पेरलेलं रान उभं असतं, कणसं बाहेर पडायची असतात. पहिल्याच रब्बीत संकर, दुसऱ्या रब्बीत चाचणी, मधल्या खरिपात वर्गातले कोर्स आणि प्रयोगशाळा. हरभऱ्याचंही असंच जमतं, फक्त फूल इतकं बारीक की सुरुवातीला दिवसभरात पाच संकर टिकले तरी खूप.

ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं. काल कुठवर फुललं ते बघायचं, त्याच्या खालचे उद्या उघडणारे दाणे राखायचे, बाकीचे कात्रीने काढायचे. मग दुपारी सुईने एकेक फूल उघडून तिन्ही परागकोश काढायचे. एक जरी फुटला तरी ते फूल बाद, आणि पिवळी पूड नखाला दिसतेच. कागदी पिशवी घालायची, त्यावर तारीख, मादीचं नाव. दोन दिवसांनी सकाळी नराचे पराग. हे वहीत वाचून येत नाही. मी पहिल्या वर्षी ज्यांच्याकडून शिकलो ते केंद्रावरचे मजूर होते, सातवी शिकलेले. त्यांच्या हाताला मी आजही नमस्कार करतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्वातंत्र्याच्या आधी निवडलेली मालदांडी 35-1 अजूनही लोक पेरतात. भाकरी आणि कडबा दोन्ही देणारी. तुझ्या घरी जो शाळू आहे तो बहुधा तीच असेल किंवा तिचंच रक्त असेल. विचार वडिलांना.

---

गोदाकाठ | 13 ऑगस्ट

सर, एकेरीतच लिहा. वडिलांना विचारलं, ते म्हणाले "मालदांडीच आहे, तुझ्या आजोबांपासून." हे मला माहीतच नव्हतं.

हंगामाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी पीक सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं असं धरून चालले होते. पण मग संख्याशास्त्राचं काय? ते टाळायचं का नाही?

---

शाळूचं_रान | 13 ऑगस्ट

टाळू नकोस. टाळायची वाट सापडली तरी टाळू नकोस. सपोर्टिंगच्या सहा क्रेडिटमध्ये संख्याशास्त्राच्या पद्धती आणि प्रयोग आराखडे हे दोन कोर्स बसव, आणि पहिल्याच वर्षी बसव.

का ते सांगतो. आठ वाण घेऊन प्रत्येकाचा प्रत्येकाशी संकर करायचा ठरवलास, उलटे संकर सोडून, तर किती होतात? आठ गुणिले सात भागिले दोन, 28. त्यात आठ आई-बाप मिळवले की 36. तीन रेप्लिकेशन, म्हणजे तीच सगळी मांडणी तीनदा, की 108 प्लॉट. एवढं बी पुरेल का, रान मिळेल का, निंदायला माणसं मिळतील का, हे सगळं त्या आठ आकड्यावरून ठरतं. आठाऐवजी सहा घेतलेस तर 15 आणि 6, एकवीस. तीन रेप्लिकेशनला 63 प्लॉट. हा हिशोब पेरणीनंतर करून उपयोग नाही.

आता माझी चूक सांगतो. एमएस्सीला असताना मी संख्याशास्त्राचा कोर्स पुढे ढकलला होता. रान नाल्याकडे उतरतं होतं. वर मुरमाड, खाली काळी. मी तिन्ही रेप्लिकेशन वरून खाली, उताराच्या दिशेने लांब पट्ट्यासारखी टाकली, कारण पाणी द्यायला सोपं. त्यामुळे एकाच रेप्लिकेशनमध्ये एक वाण मुरमावर आणि दुसरा काळीत. आडवी टाकली असती, एक पूर्ण वर, एक मध्ये, एक खाली, तर जमिनीचा फरक रेप्लिकेशनच्या खात्यात गेला असता आणि वाणांची तुलना स्वच्छ राहिली असती. काढणीनंतर आकडेमोड केली तेव्हा सी.व्ही., म्हणजे प्रयोगातली चूक सरासरीच्या किती टक्के ते, 34 टक्के. गाइडने वही मिटली आणि म्हणाले, "पुढच्या रब्बीला परत पेर." एक वर्ष गेलं. घरी पैशाची अडचण होती, वडिलांना तोंड दाखवायची लाज वाटली. मी विद्यार्थ्यांना पुढे तीस वर्षं पहिल्या दिवशी रानात नेऊन उतार दाखवला, मग फळा.

त्यातलं गणित म्हणजे बेरीज, वर्ग आणि भागाकार. तुला येतं.

---

वऱ्हाडी_सरकी | 13 ऑगस्ट

सर, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या बॅचमध्ये एकाचं डिट्टो असंच झालं होतं.

मायनरबद्दल राहिलंच. ताई, मार्कांवर जाऊ नका. तुम्ही ज्या गुणावर काम करणार त्याच्या शेजारचा विषय घ्या. रोगप्रतिकारावर काम असेल तर प्लांट पॅथॉलॉजी, खोडमाशी-बोंडअळीवर असेल तर एंटोमॉलॉजी, पाण्याच्या ताणावर असेल तर प्लांट फिजिऑलॉजी. सल्लागार समितीत मायनरचा एक सदस्य असतो, तो तुमच्या प्लॉटवर येतो. माझा मायनर पॅथॉलॉजी होता. प्लॉटवर मर रोग दिसला तेव्हा मला वाटलं बुरशी. मॅडमनी खोड उभं चिरलं, आतून तपकिरी नव्हतंच. त्यांनी मुळाशी उकरून दाखवलं, पाणी तुंबून मुळं कुजली होती. मी तो प्लॉट "रोगाला बळी" म्हणून नोंदवणार होतो. सगळा निष्कर्ष चुकला असता.

---

हिरवी_वही | 15 ऑगस्ट

धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी बीएस्सी बॉटनी, तिसरं वर्ष. मला प्लांट पॅथॉलॉजीत एमएस्सी कृषी करता येईल का? परिषदेच्या पीजी परीक्षेत "प्लांट सायन्सेस" नावाचा गट आहे, त्यात पॅथॉलॉजी आहे. नावावरून वाटलं की बॉटनीवाल्यांसाठी आहे.

---

तृणपात | 15 ऑगस्ट

नावाने फसू नका. त्या गटात पैदासशास्त्र, पॅथॉलॉजी, बियाणे तंत्रज्ञान असे कृषीचे विषय एकत्र केलेत. परीक्षा कुठल्या गटात द्यायची हे वेगळं आणि प्रवेशाला कुठली पदवी चालते हे वेगळं. अशा मुख्य कृषी शाखांना बहुतेक ठिकाणी चार वर्षांची कृषी किंवा संलग्न पदवी मागतात. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पात्रतेचा तक्ता असतो, तो शाखेगणिक वेगळा असतो. फी भरायच्या आधी तुमच्या पदवीचं नाव त्या ओळीत छापलेलं आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "चालून जाईल" असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. माझ्या एका विद्यार्थिनीचं वर्ष असंच वाया गेलं.

तुम्हाला बुरशी आवडत असेल तर बॉटनीतच मायकॉलॉजी किंवा प्लांट पॅथॉलॉजीचं स्पेशलायझेशन असलेला विभाग शोधा. पुढे पीएचडीला तोच रस्ता खुला राहतो. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीचं कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. कृषीत मात्र पीएचडी 100 क्रेडिटची आहे, त्यात मेजर, मायनर, सपोर्टिंग मिळून 23, सेमिनार 2, संशोधन 75. दोन्हीकडे पदवीचं नाव डॉक्टरेटच, पण वाट वेगळी.

---

हिरवी_वही | 15 ऑगस्ट

धन्यवाद मॅडम. बरं झालं विचारलं, उद्याच फॉर्म भरणार होते.

---

पाणथळ_नेदरलँड्स | 17 ऑगस्ट

मी मूळची राहुरीची, बीएस्सी तिथेच. आता नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात प्लांट सायन्सेसमध्ये एमएस्सी करतेय, पैदासशास्त्राचं स्पेशलायझेशन. इथला हिशोब सांगते म्हणजे तुलना होईल. दोन वर्षं, 120 युरोपीय क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे 28 तास काम, वर्गातलं आणि घरी बसून केलेलं सगळं धरून. थिसिसला 36, इंटर्नशिपला 24. थिसिसचे तास काढले तर हजाराच्या वर जातात.

इंटर्नशिप सक्तीची असणं मला फार आवडलं. बऱ्याच जणी बियाण्याच्या कंपनीत जातात, मीही जाणार आहे. पण एक गोष्ट मनापासून सांगते. इथे माझ्या वर्गात जेनोमिक्स माझ्यापेक्षा चांगलं येणारे पुष्कळ आहेत. पण पहिल्या आठवड्यात ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटोचे संकर करायला दिले, तेव्हा चिमटा हातात घेऊन न थबकता काम सुरू करणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि इथिओपियाचा एक मुलगा. राहुरीच्या प्लॉटवर उन्हात उभं राहून शिकलेलं होतं ते.

गोदाकाठ, आधी तिथे कर. बाहेर यायचं असेल तर नंतर येता येतं.

---

गोदाकाठ | 18 ऑगस्ट

सगळ्यांचे खूप आभार. मामांना तृणपात मॅडमची पोस्ट वाचून दाखवली, ते म्हणाले "मग कृषीच कर." 

मी असं ठरवलंय: पीक रब्बी ज्वारी किंवा हरभरा, मायनर फिजिऑलॉजी, कारण आमच्याकडे रब्बीला पाणी हाच प्रश्न आहे. सपोर्टिंगला संख्याशास्त्राचे दोन्ही कोर्स. सर, गाइडला भेटायला गेले तर काय विचारू?

---

शाळूचं_रान | 18 ऑगस्ट

तीनच गोष्टी विचार. या रब्बीत तुमच्याकडे काय पेरलेलं असेल? मागच्या तीन विद्यार्थ्यांचे थिसिस बघायला मिळतील का? तुम्ही आठवड्यातून प्लॉटवर किती वेळा जाता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विचारायला संकोच वाटला तर प्लॉटवरच्या मजुरांना विचार, ते खरं सांगतील. आणि थिसिस मिळाला की निष्कर्षाचं पान सोडून आधी पेरणीची तारीख आणि सी.व्ही. बघ.

सीईटीला अजून वेळ आहे. घरी कपाशी उभी आहे ना? पात्या लागल्या की संध्याकाळी एक प्रयोग कर. उद्या उमलणारी कळी ओळख, पाकळ्यांचं दुधी टोक बाहेर डोकावतं. बाहेरची हिरवी झालर राखून पाकळ्यांच्या बुडाशी अंगठ्याचं नख गोल फिरव, पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकदम टोपीसारखी निघून येते. आत उरतो नुसता बीजांडकोश आणि कुक्षी. वर कागदी पिशवी. दुसऱ्या दिवशी नऊ-दहाच्या सुमारास दुसऱ्या झाडाच्या ताज्या फुलाचे पराग लाव, देठाला रंगीत दोरा बांध. दहा कळ्या कर, जास्त नको.

---

गोदाकाठ | 9 सप्टेंबर

सर, केलं. दहा कळ्या, लाल दोरा. आईला वाटलं नवस बोललाय, मग समजावून सांगितल्यावर तिनेच दोन कळ्या केल्या आणि त्या माझ्यापेक्षा स्वच्छ निघाल्या. पूर्वी ती जालन्याच्या बाजूला बीजोत्पादनाच्या प्लॉटवर मजुरीला जायची, हे मला पहिल्यांदा कळलं. तिथे हेच करायची म्हणे, संध्याकाळभर, रांगेने. तिचं नख अजून तसंच सरळ फिरतं.

आज बघितलं तर चार बोंडं धरलीत, त्यात आईची दोन्ही आहेत. सहा गळाल्या. गळालेल्यांपैकी तीन एकाच झाडाच्या खालच्या फांदीवरच्या आहेत, त्या मी पहिल्या दिवशी केल्या होत्या. नख खोल गेलं असेल की सावलीमुळे, ते कळत नाही. कळीवार तारीख, फांदी आणि कुणी केली ते वहीत लिहिलंय. उजेडात फोटो काढून उद्या टाकते.

---

शाळूचं_रान | 9 सप्टेंबर

टाक. आणि आईला माझा नमस्कार सांग. त्यांना विचार, नख फिरवताना कळी कुठल्या हातात धरायच्या आणि बोट कुठे टेकवायच्या. जसं सांगतील तसंच्या तसं इथे लिही.